१२३४५६७८९८७६५४३२१ : नऊ एकांच्या वर्गाबद्दल काही प्रश्न

प्रश्न – गणितशिक्षिका, राजारामपुरी

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. शाळेच्या विज्ञान-गणित प्रदर्शनासाठी नववीतील मुलींच्या एका गटाने १२३४५६७८९८७६५४३२१ ही एकच संख्या विषय म्हणून निवडली आहे. १११११११११ या नऊ अंकी संख्येला तिनेच गुणले की ही संख्या मिळते, हे त्यांना कोणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या संदेशातून कळले. त्या संदेशात आणखीही बरेच काही आहे: ही संख्या वैदिक काळातील गूढ आहे, संगणकालाही ती नीट काढता येत नाही, वगैरे. मी मुलींना सांगितले आहे की फलकावर जे लिहाल ते सिद्ध करता आले पाहिजे आणि जे सिद्ध करता येणार नाही ते लिहायचे नाही.

आता माझ्या शंका मांडते. पहिली अशी की, ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ असे चढत-उतरत जाणारे अंक नऊ एकांपर्यंत मिळतात आणि दहा एकांपाशी हा क्रम मोडतो, याचे कारण नववीच्या मुलींना पटेल अशा भाषेत कसे सांगावे? दुसरी शंका संगणकाची आहे. वर्गातील कॅल्क्युलेटरवर उत्तर १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात असे दिसते, संगणकावरील तक्त्यात शेवटी दोन शून्ये येतात, आणि एका मुलीच्या भावाने छोटा प्रोग्रॅम लिहून पाहिला तेव्हा शेवटचा अंक १ ऐवजी ० आला. विषम संख्येचा वर्ग सम येणे शक्यच नाही, हे मुलींनी स्वतःच ओळखले; पण यंत्र असे का करते हे मला नेमके सांगता आले नाही. तिसरी शंका म्हणजे, या देखण्या रूपाखेरीज या संख्येत गणिताच्या दृष्टीने सांगण्यासारखे काही आहे का?

---

उत्तर – उभी मांडणी

पहिल्या शंकेचे उत्तर आपण चौथीत शिकवतो त्या गुणाकारातच आहे. १११११११११ गुणिले १११११११११ हा गुणाकार मुलींना चौकटीच्या वहीत उभ्या मांडणीत करायला सांगा. गुणकाचा प्रत्येक अंक १ असल्यामुळे नऊच्या नऊ ओळींत तीच संख्या येते, फक्त प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. आता ओळी सोडून उभे स्तंभ पाहावेत. उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन आहेत, तिसऱ्यात तीन, आणि असे वाढत नवव्या स्तंभात नऊ आहेत. त्यानंतर वरच्या ओळी संपत जातात म्हणून आठ, सात, सहा असे उतरत सतराव्या स्तंभात पुन्हा एकच १ उरतो. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून कुठेही हातचा येत नाही, आणि स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा अंक म्हणून उत्तरात उतरतात. या संख्येचे सगळे देखणेपण हातचा न येण्यात आहे.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते. तिथे ० लिहून हातचा १ जातो. पुढच्या स्तंभात नऊ अधिक एक म्हणजे पुन्हा दहा, पुन्हा ० आणि हातचा १. त्यापुढे आठ अधिक एक म्हणजे नऊ, आणि तिथे हातचा संपतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीत ८ गायब झालेला दिसतो, याचे कारण एवढेच की हातच्याने त्याला ९ केले. मुलींनी हा एक गुणाकार हाताने केला तर क्रम कुठे आणि का मोडतो याबद्दल दुसरे काही सांगावे लागणार नाही.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, ती फलकावर जरूर घ्यावी. क्रम नऊपाशी मोडतो तो आपण दहाच्या पायावर संख्या लिहितो म्हणून; संख्येच्या अंगी तसे काही नाही. आठच्या पायावर लिहिले तर सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा येतो आणि आठ एकांपाशी क्रम मोडतो. उलट, दहाच्याच पायावर राहून क्रम नऊच्या पुढे न्यायचा असेल तर एकांच्या मध्ये शून्ये घालून हातच्यासाठी जागा मोकळी ठेवावी. १०१ चा वर्ग १०२०१ आहे, १०१०१ चा १०२०३०२०१ आहे, आणि अशाच पद्धतीने दहा एक घेतले तर वर्ग १०२०३०४०५०६०७०८०९१००९०८०७०६०५०४०३०२०१ असा येतो. उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट पाडून वाचले की मध्ये १० स्पष्ट दिसतो. दहावीच्या मुलींना बहुपदीच्या भाषेत हेच एका ओळीत सांगता येईल: १ + क्ष + क्ष वर्ग असे क्षच्या आठव्या घातापर्यंत नऊ पदांचे बहुपद घेऊन त्याचा वर्ग केला तर सहगुणक १, २, ३, … ९, … ३, २, १ असेच येतात, आणि क्षची किंमत १० ठेवली की आपली संख्या मिळते.

---

उत्तर – संगणक विभाग, शाहूपुरी

दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. तिन्ही यंत्रांनी वेगवेगळी उत्तरे दिली असली तरी दुखणे एकच आहे, आणि ते संख्येच्या आकारात आहे.

शाळेतील कॅल्क्युलेटर पडद्यावर दहा सार्थ अंक दाखवतो. आपल्या संख्येचे पहिले दहा अंक १२३४५६७८९८ आहेत आणि अकरावा ७ आहे, म्हणून शेवटचा ८ वाढून ९ होतो आणि १.२३४५६७८९९ असे दिसते. यात चूक काही नाही, ही केवळ संक्षिप्त किंमत आहे. मात्र ती पाहून मुलींना क्रम बिघडल्यासारखे वाटेल, म्हणून प्रदर्शनात कॅल्क्युलेटर ठेवणार असाल तर शेजारी खुलासा लावावा.

संगणकावरील तक्ते आणि बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषा साध्या संख्या एका ठरावीक पद्धतीने साठवतात, जिच्यात संख्येच्या अंकांसाठी ५३ द्विमान (फक्त ० किंवा १ मावणारी) स्थाने मिळतात. त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंतची, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या अचूक साठवता येते. त्यानंतर २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्यांनाच जागा उरते. आपली संख्या नेमकी याच पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे, म्हणून त्या पद्धतीत ती लिहिताच येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना …३२० आणि …३२२ या दोन सम संख्या सारख्याच अंतरावर आहेत. अशा वेळी ज्या संख्येच्या द्विमान रूपातील शेवटचे साठवलेले स्थान ० येते ती निवडायची असा नियम आहे. …३२० चे निम्मे ६१७२८३९४९३८२७१६० ही सम संख्या आहे, म्हणून यंत्र १२३४५६७८९८७६५४३२० हे उत्तर देते. तुमच्या विद्यार्थिनीच्या भावाला हेच मिळाले असणार. तक्ता तर त्याहूनही पुढे जाऊन पंधराच सार्थ अंक दाखवतो, त्यामुळे तिथे १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसते.

यावरून 'संगणकाला ही संख्या काढता येत नाही' असे म्हणणे मात्र बरोबर नाही. पूर्ण संख्या म्हणून साठवली तर ६४ द्विमान स्थानांत ती आरामात मावते, आणि पायथॉनसारख्या भाषेत हाच गुणाकार केला तर सतरा अंक बिनचूक येतात. यंत्राला पूर्ण संख्या हवी आहे की दशांश-पद्धतीची संख्या, हे त्याला सांगावे लागते, एवढाच मुद्दा आहे. विषम गुणिले विषम सम कसे, असा प्रश्न मुलींनी यंत्राच्या उत्तरावर विचारला, हे मला या प्रकल्पातले सर्वांत मोलाचे वाटते. बँकेच्या आणि कारखान्याच्या हिशेबांतले तक्ते रोज पाहणारे अनेक जण हा प्रश्न विचारत नाहीत.

---

प्रश्नकर्ती – गणितशिक्षिका, राजारामपुरी

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. उभ्या मांडणीचा गुणाकार मुलींनी आज मोठ्या कागदावर केला. तो करताना एका मुलीच्या लक्षात आले की उत्तराचे शेवटचे नऊ अंक वेगळे काढले तर १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन भाग पडतात आणि त्यांची बेरीज ९९९९९९९९९ येते. मग त्यांनी लहान संख्यांवर प्रयोग केले. १२३२१ चे शेवटचे तीन अंक तोडले तर १२ + ३२१ = ३३३; १२३४३२१ चे शेवटचे चार अंक तोडले तर १२३ + ४३२१ = ४४४४. हा योगायोग आहे की यामागे काही नियम आहे? नियम असेल तर दहा एकांपाशी तोही मोडतो का?

---

उत्तर – निवृत्त गुरुजी, कसबा बावडा

ताई, आपल्या विद्यार्थिनीने अगदी योग्य जागी बोट ठेवले आहे. आरंभी फक्त ९ एकांच्या संख्येबद्दल लिहितो, मग सर्वसाधारण नियमाकडे वळतो.

१११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९. (या दुसऱ्या संख्येत ८ नाही, याची मुलींनी नोंद घ्यावी.) आपली संख्या १११११११११ × १११११११११ आहे, त्यातल्या एका अवयवाची ही फोड करून ९ दुसऱ्याकडे दिला की ती ९९९९९९९९९ × १२३४५६७९ अशी होते. आता नऊ नवांनी गुणणे म्हणजे शंभर कोटींनी गुणून मूळ संख्या एकदा वजा करणे:

१२३४५६७९०००००००००
वजा १२३४५६७९
= १२३४५६७८९८७६५४३२१

डावा भाग १२३४५६७९ पेक्षा एकाने कमी होऊन १२३४५६७८ झाला, आणि उजवा भाग शंभर कोटींतून १२३४५६७९ वजा होऊन ९८७६५४३२१ झाला. एकातून १ गेला आणि दुसऱ्यातून १२३४५६७९ गेले, म्हणून दोन्ही भागांची बेरीज १२३४५६७९ − १ + १०००००००००  − १२३४५६७९ म्हणजे ९९९९९९९९९ येणारच. सतरा अंकांची ही संपूर्ण संख्या एका वजाबाकीत उभी राहते, आणि माझ्या मते फलकाच्या मध्यभागी हीच वजाबाकी असावी.

आता सर्वसाधारण नियम. न इतके एक असलेल्या संख्येला तात्पुरते 'ए' म्हणू. न नवांची संख्या ९ए होईल. वर्गाचे शेवटचे न अंक तोडून दोन भागांची बेरीज केली, तर त्या बेरजेला ९ए ने भागून जी बाकी येते तीच मूळ वर्गाला ९ए ने भागूनही येते, कारण १० च्या न व्या घाताला न नवांनी भागल्यावर बाकी १ उरते. वर्ग म्हणजे ए × ए. यातल्या एका ए ला ९ ने भागले तर बाकी त्याच्या अंकांच्या बेरजेची, म्हणजे न ची, येते. म्हणून बेरजेची बाकी, न ला ९ ने भागून उरलेल्या बाकीच्या ए पट असते. बेरीज शून्य असू शकत नाही आणि दहा ए पर्यंतही पोहोचत नाही, कारण डावा भाग फार लहान असतो. तेव्हा न = ३ असेल तर ३ए, न = ४ असेल तर ४ए, आणि न = ९ असेल तर बाकी शून्य म्हणून बेरीज पूर्ण ९ए, हे निश्चित झाले.

या सिद्धतेत हातच्याचा कुठेही उल्लेख आलेला नाही. म्हणजे अंकांची चढ-उतार दहापाशी मोडली तरी हा नियम मोडत नाही! दहा एकांचा वर्ग वर दिलाच आहे. त्याचे शेवटचे दहा अंक तोडा. १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. दहाला नवाने भागून बाकी १, म्हणून बेरीज एक पट, म्हणजे मूळ संख्याच परत आली. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आहे; १२३४५६७९०१ + २०९८७६५४३२१ = २२२२२२२२२२२, म्हणजे दोन पट.

ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन भाग करून बेरीज केली की तीच संख्या मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, हे ओळखीचे उदाहरण आहे; २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७, हे दुसरे. वरच्या नियमाने १, दहा एक, एकोणीस एक, अठ्ठावीस एक अशा सगळ्या संख्या कापरेकर संख्या ठरतात. क्रम जिथे 'बिघडतो' तिथेच ही नवी मालिका सुरू होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून पुढे १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ६१७४ ही त्यांची संख्या सर्वांना ठाऊक असते, पण आपल्या विषयाशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. १२१, १२३२१ पासून १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंतच्या संख्या ज्या कुळात येतात त्या कुळाला त्यांनी 'डेम्लो संख्या' हे नाव दिले, आणि ते जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील ज्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली त्या स्थानकाच्या नावावरून दिले. या कुळाची खूण अशी की दोन टोकांच्या भागांची बेरीज केली तर मधल्या अंकाचीच पुनरावृत्ती मिळते: २५५३ मध्ये २ + ३ = ५; १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३; आणि आपल्या संख्येत मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

कापरेकरांचीच आणखी एक कल्पना इथे लागू पडते. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि तिला ८१ ने भागले तर १५२४१५७८९९७१०४१ येतात, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. मात्र सगळ्या भावंडांना हे भाग्य नाही. न एकांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज (न नऊपर्यंत असेल तर) न वर्ग असते, म्हणून न ने ए ला भाग जात असेल तरच ती हर्षद ठरते. एक ते नऊ यांत हे फक्त १, ३ आणि ९ यांच्या बाबतीत घडते. १२१ ला ४ ने भाग जात नाही, १२३४३२१ ला १६ ने जात नाही. १२३२१ ला ९ ने जातो. ही तपासणी मुलींकडून करून घ्यावी, कारण 'सगळ्याच सुंदर संख्यांत सगळेच गुण असतात' हा समज त्यातून दूर होतो.

---

उत्तर – पंचगंगा

संदेशातील 'वैदिक' या शब्दाबद्दल थोडेसे. जुन्या भारतीय ग्रंथांत याचे मूळ शोधायचेच असेल तर ते वेदांत न शोधता महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त शोधावे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या या जैन गणितज्ञाने दोन्ही बाजूंनी सारख्या वाचल्या जाणाऱ्या गुणाकारांना कंठात घालायच्या माळेची उपमा दिली आहे. १२३४५६७९ ला ९ ने गुणून नऊ एकांची माळ करण्याचे उदाहरण त्यात आहे, आणि १२३४५६५४३२१ या संख्येचे 'एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी' असे वर्णनही आहे. ही दुसरी संख्या म्हणजे सहा एकांचा वर्ग. आपल्या भागात जैन परंपरा घराघरांत परिचित आहे, पण त्या परंपरेतला हा गणिती शाळेत क्वचितच भेटतो. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, कोल्हापुरी साज पाहिलेल्या मुलींना मधले मोठे पदक आणि दोन्ही अंगांना जोडीने येणारे मणी यांवरून ही उपमा लगेच कळेल.

संख्या मोठ्याने वाचून दाखवायची असेल तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (११५०) अठरा स्थाननामे वापरता येतील. आपल्या सतरा अंकांत ती एकापासून 'मध्य' या सतराव्या स्थानापर्यंत लागतात: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. रोजच्या भाषेत ती सुमारे १२३ कोटी कोटी आहे.

---

उत्तर – उभी मांडणी

संख्येचे मूळ अवयव अजून कोणी दिलेले नाहीत, म्हणून पुन्हा लिहितो.

१११११११११ = १११ × १००१००१ अशी फोड नजरेने होते. १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार आहे. घातांत प्रत्येकी एक मिळवून गुणले तर ५ × ३ × ३ म्हणजे तिचे ४५ विभाजक आहेत. आपली संख्या पूर्ण वर्ग असल्यामुळे विभाजकांची संख्या विषम यावी हे अपेक्षितच होते. याच फोडीतून पडताळ्याचा सोपा मार्गही मिळतो: १११ चा वर्ग १२३२१ आणि १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१. दुसऱ्याने पहिल्याला गुणायचे म्हणजे १२३२१, २४६४२, ३६९६३, २४६४२, १२३२१ या पाच संख्या तीन-तीन घरे सरकवून एकाखाली एक लिहायच्या आणि बेरीज करायची. इथेही हातचा कुठे येत नाही, आणि शेवटी तीच माळ मिळते.

३३३६६७ मूळ आहे हे मुलींना कसे पटवावे, हा यातला खरा रसाचा भाग आहे. या संख्येचे वर्गमूळ ५७७ हून किंचित मोठे आहे, म्हणून ५७७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागेल असे वाटते, आणि अशा मूळ संख्या शंभराहून अधिक आहेत. पण ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला निःशेष भाग जातो, हे हाताशी धरले की बहुतेक भागाकार टळतात. एखादी मूळ संख्या प ९९९९९९९९९ ला भागत असेल तर १/प या अपूर्णांकाच्या दशांश रूपातील आवर्ती गटाची लांबी ९ ला भागणारी असते, म्हणजे १, ३ किंवा ९. लांबी १ फक्त ३ ची आहे आणि लांबी ३ फक्त ३७ ची आहे. या दोन्हींनी ३३३६६७ ला भाग जात नाही: अंकांची बेरीज २८ आहे, आणि ३७ ने भागल्यास बाकी १ उरते. उरली लांबी ९, आणि आवर्ती गटाची लांबी नेहमी प − १ ला भागते, म्हणून प ला ९ ने भागून बाकी १ उरली पाहिजे. प विषम असल्यामुळे १८ ने भागूनही बाकी १ च उरते. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या, ३७ वगळून, एवढ्याच आहेत: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा मुलींनी एकेक भागाकार केला तर एका तासिकेत सिद्धता पूर्ण होते. एकाचीही बाकी शून्य येत नाही; १६३ ने भागल्यास बाकी ६ उरते, आणि ५२३ च्या बाबतीत भाग जायला फक्त ७ कमी पडतात.

---

उत्तर – संगणक विभाग, शाहूपुरी

गुरुजींच्या मालिकेत एक भर घालतो. एकोणीस एकांची संख्या मूळ संख्या आहे, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे ती कापरेकर संख्याही आहे. दोन्ही गुण एकाच संख्येत आलेले पाहून मला फार आनंद झाला.

दुसरी गोष्ट मुलींच्या फलकावर स्वतंत्र चौकटीत द्यावी, कारण ती आपल्या संख्येशी सहज गल्लत होण्यासारखी आहे. अंकांच्या जागी सरळ संख्याच लिहीत एक ते दहा चढून पुन्हा एकापर्यंत उतरलो तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मिळते. ती कोणाचाही वर्ग नाही, उलट ती मूळ संख्या आहे. दहा एकांच्या वर्गाशी तिचा संबंध नाही, हे उभ्या मांडणीवरून स्पष्टच आहे. तिची मूळता हाताने तपासणे अशक्य आहे, पण पायथॉनमध्ये मूळता तपासणारी तयार सुविधा क्षणात उत्तर देते. प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या संगणकावर ही संख्या टंकताना ती पूर्ण संख्या म्हणूनच द्यावी, शेवटी दशांशचिन्ह देऊ नये, नाहीतर पुन्हा शेवटचे अंक बदलतील आणि एखादा सम आकडा 'मूळ आहे का' म्हणून तपासला जाईल.

---

प्रश्नकर्ती – गणितशिक्षिका, राजारामपुरी

सर्वांचे आभार. फलकाच्या मध्यभागी गुरुजींची वजाबाकी घेत आहोत, डावीकडे उभी मांडणी आणि उजवीकडे सोळा भागाकार. वर्गात एकूण सतरा मुली आहेत, तेव्हा सतरावीला ३७ चा भागाकार देऊन बाकी १ का उरते ते समजावून सांगायला लावते. मोबाइलवरील संदेश आम्ही फलकावर घेतलेला नाही.